झिलई पुसलेली जागा

११ जानेवारी

पाणकोंबडीस,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, तुझा माजी नवरा ठणठणीत आहे, भट्टीसुद्धा कुरकुर न करता चालली आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून भलतंसलतं मनात आलं असेल, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

पत्रच का, तर फोनवर मला बोलता येत नाही, फक्त भांडता येतं. पत्ता पाणबुड्याकडून काढला. तोच आपला, बंदरात बोटींची बुडं खरवडणारा, तुझ्या अभ्यासासाठी तुझ्याबरोबर पाण्यात उतरायचा, तुला मॅडम म्हणायचा तो. दोन वर्षं पत्ता त्याच्याकडे होता आणि मला म्हणतो, "आजी, तुम्ही विचारलंच नाहीत." मी विचारायचं? निघून गेलेल्या माणसाने कळवायचं असतं की मागे राहिलेल्याने दारोदार विचारत फिरायचं असतं? असो. भांडायला बसलेली नाही. कामाचं लिहिते.

दीपस्तंभाच्या पलीकडचं तुझं ते पोवळ्यांचं रान गेल्या उन्हाळ्यात पांढरं पडलं. (हो, ठाऊक आहे, प्रवाळ म्हणायचं, पोवळं दागिन्यात असतं. हजारदा सांगितलंस. मी पोवळंच म्हणणार.) पाणी तापलं आणि तापलेलंच राहिलं. पाणबुड्या खाली जाऊन बघून आला. सगळं मेलेलं नाही, कडेकडेला थोडं जिवंत आहे, पण त्याच्यावर सहलीच्या बोटी खुशाल नांगर टाकतात. आणि आता बंदर समितीच्या डोक्यात आलंय की तिथे भराव घालायचा आणि बोटींसाठी नवा धक्का बांधायचा. "मेलेल्या दगडांवर नवे दगड टाकले तर कुणाचं काय गेलं?" हे अध्यक्षांचे शब्द. डिसेंबरच्या बैठकीत ठरणार आहे.

तर शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, तरुण आहेत. त्यांनी माझ्यामागे भुणभुण लावलीय. म्हणतात, गावाला पाण्याखाली नेता येत नाही, तर पाण्याखालचं गावात आणू या. मातीची पोवळी करा. मी म्हटलं, बाई, मी फुलदाण्या करते, माझ्या निळ्या झिलईसाठी लोक लांबून येतात, मी कुठे आता ही ओबडधोबड झुडपं करत बसू? पण त्या हटून बसल्या. शेवटी हो म्हटलं.

अडचण अशी की मी ते रान एकदाच पाहिलंय, तू बोटीतून काचेची पेटी पाण्यावर धरून दाखवलंस तेव्हा, आणि त्या दिवशी मला मळमळत होतं. तुझी चित्रं चाकासमोरच्या भिंतीवर अजून आहेत. काढली नाहीत कारण खिळे गंजलेत, दुसरं काही नाही. पण ती पेन्सिलीची. रंग कुठे आहेत त्यात? मेंदूसारखं दिसतं ते हिरवं की पिवळं? फांद्यांची टोकं जांभळी असतात म्हणालीस, ती सगळ्यांची की एखाद्याचीच? एवढं कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल.

परवा एका गिऱ्हाइकाकडे चहाला गेले होते. कोणाच्या हातची आहे त्याची खूण बघायला सवयीने बशी उलटी केली आणि चहा त्यांच्या टेबलावर. तुझ्या वडिलांच्या मांडीवर सांडला होता, आठवतं? आपली पहिली भेट. तू हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली होतीस. मी मनात म्हटलं होतं, हीच मुलगी हवी.

– आई (हे तुला अजून चालत असेल तर)


२७ फेब्रुवारी

पाणकोंबडीस,

उत्तर नाही. ठीक आहे. रंग मी माझ्या मनाने दिले. मेंदू हिरवा केला. चुकलं असेल तर तुझ्या डोक्यावर.

प्रदर्शन झालं! मासळी लिलावाच्या जुन्या शेडमध्ये. आधी तीन दिवस पाणी मारून फरशी धुतली, तरी वास गेला नाही, आणि बाई म्हणाल्या, राहू दे, वास पाहिजेच. मांडणी सगळी त्यांची. दारातून आत आलं की रंगच रंग. मी इतके रंग जन्मात एका वेळी भाजले नव्हते. शिंगांसारखी, पंख्यासारखी, छत्रीसारखी, कोबीसारखी, सगळी एकमेकांना खेटून. मग चालत पुढे जावं तसे रंग विरत जातात. शेवटच्या भिंतीवर सगळं पांढरं. तिथे मी झिलई दिलीच नाही, नुसती भाजलेली पांढरी माती. मला लाज वाटत होती, अर्धवट काम लोकांपुढे ठेवल्यासारखं. पण माणसं सगळ्यात जास्त थांबायची ती तिथेच. आणि त्याच्याही पुढे एक रिकामी फळी. तिच्यावर काहीच नाही. "ही जागा ठेवली आहे" एवढं लिहिलेलं. हेही बाईंचंच डोकं. मी म्हटलं होतं, लोक म्हणतील म्हातारीची माती संपली. कोणी म्हटलं नाही.

लिलाव पुकारणाऱ्या मावशी रोज सकाळी काम आटोपून यायच्या आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून "हे होतं, हे होतं, हे माझ्या लहानपणी होतं" असं सांगत पुढे जायच्या. सहलीच्या बोटीवाल्यांपैकी एकाने तर आपणहून पाण्यात एक पिंप तरंगत बांधून ठेवलंय, त्याला बोट बांधतो, नांगर टाकत नाही. बाकीचे हसतात त्याला. हसू देत.

चौथ्या दिवशी अध्यक्ष आले. आले ते फोटोसाठी. पण त्या छत्रीसारख्या पोवळ्यापाशी थबकले आणि पँट वर करून मला पोटरीवरचा व्रण दाखवला. "बाई, हे बघा. दहा वर्षांचा होतो. याच्यावरच कापलं होतं." बराच वेळ त्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवत उभे होते. मला वाटलं, चला, जिंकलो! तर वळून म्हणतात, "सुंदर आहे. पण ही माती आहे. मातीचं काय, मी हत्तीसुद्धा करून मांडीन. तिथे अजून काही जगू शकतं हे दाखवा. बैठकीच्या आत एक, एक जिवंत पोवळं नव्याने धरलेलं दाखवा. मी स्वतः धक्क्याचा ठराव मागे घेतो."

माझा स्वभाव तुला माहीत आहे. भर शेडमध्ये, सगळ्यांदेखत म्हटलं, "दाखवते."

आता काय दाखवते, कसं दाखवते, देव जाणे. तू असतीस तर माझ्या पायावर पाय दिला असतास.

– आई


३ एप्रिल

पाणकोंबडीस,

तू गप्प, मी बडबडी, हे काही नवीन नाही. ऐक.

तुझ्या चित्रांत कोपऱ्यात ती तीन पायांची तिवई काढलेली आहे ना, जिच्यावर पोवळ्याची पिल्लं येऊन बसतात, तसल्या तिवया केल्या. बसक्या, जाड, वर फळी, खाली तीन आखूड पाय, म्हणजे खडकावर टेकतील आणि खालून पाणी फिरेल. चाकावर नाही, हातानेच थापल्या. आणि म्हटलं, गावाची अब्रू पणाला लागलीय तर माल फर्स्टक्लास पाहिजे. माझी निळी झिलई दिली, सगळ्यात चांगली, आरशासारखी. पोवळ्यांना घर द्यायचं तर राजवाडा देऊ, अशी माझी समजूत. झिलईत बुडवून काढल्या, बुडांवरची पुसली, भाजल्या. भट्टी उघडली तेव्हा माझा मलाच हेवा वाटला.

पौर्णिमेच्या आसपास, पाणी कोमट व्हायला लागलं की पोवळी पिल्लं सोडतात, हे तू मला एकदा तासभर समजावलं होतंस आणि मी झोपले होते असं तुला वाटलं होतं. झोपले नव्हते. पौर्णिमेच्या आठवडाभर आधी पाणबुड्याने तिवया खाली नेऊन ठेवल्या. मी बोटीत बसले होते. या वेळी मळमळलं नाही.

आता एक सांगायचं राहिलंय. पहिल्या पत्रापासून मी ते बोटांखाली दाबून ठेवलंय, पण मला असलं दाबून ठेवता येत नाही, अपचन होतं. त्या चित्रकलेच्या बाई म्हणजे माझी सून आहे. नवी. गेल्या वर्षी लग्न केलं त्याने. तुला वाईट वाटेल म्हणून "बाई" लिहिलं. मग वाटलं, मी कोण ठरवणारी तुला काय वाटेल ते. चांगली आहे. मितभाषी आहे, तू नव्हतीस. तो तिच्याबरोबर बरा असतो, आणि तू त्याच्याशिवाय बरी असशील असं मी धरून चालते. तुमच्या दोघांचं का जमलं नाही ते मला कधीच कळलं नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही.

आणि खिळे गंजलेले नाहीत. तिने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुझी चित्रं उतरवली, मी आत बसून ऐकत होते, मनात म्हटलं झालं, लागली कामाला. बाहेर येऊन बघते तर भिंत पुसून, नवे खिळे ठोकून चित्रं होती तिथेच परत लावत होती. म्हणाली, "आई, ही चित्रं कोणाची हो? हे रान कसं होतं ते त्यांना विचारायला हवं." तुला पत्र लिही म्हणून मागे लागली ती हीच.

– आई


२१ एप्रिल

आलं तुझं कार्ड. दोन वर्षांनी. धन्य झाले.

"झिलई देऊ नका. गुळगुळीत जागेवर पिल्लं धरत नाहीत. खरखरीत हवी."

बस्स? ना "आई", ना "कशा आहात", ना खाली नाव? ऑर्डर देणारी गिऱ्हाइकंसुद्धा "कळावे" लिहितात! आणि माझ्या झिलईला नावं ठेवलीस ती ठेवलीस, वेळ तरी बघायची. माल समुद्रात जाऊन आठवडे लोटले. पौर्णिमा होऊन गेली. आता काय पाण्यात उतरून पिल्लांना सांगू, परत जा, पुढच्या वर्षी या?

रागावले आहे. पुरं.


१२ सप्टेंबर

पाणकोंबडीस,

पाच महिने लिहिलं नाही. राग नव्हता, राग दोन दिवसांत गेला. लाज वाटत होती.

तू म्हणालीस तेच झालंय. पाणबुड्या दर महिन्याला खाली जाऊन येतो आणि वर आल्यावर माझ्याकडे बघत नाही, मास्क पुसत बसतो. तिवयांवर शेवाळ धरलंय, हात लावला की निसटतं. बाकी काही नाही. माझी आरशासारखी झिलई! शेवटी तिच्यावर टिकलं काय, तर बुळबुळ. समितीतले लोक बाजारात विचारतात, "काय बाई, पीक कसं आहे यंदा?" मीही हसते. काय करणार, तोंड माझंच आहे.

सून म्हणते, बैठकीत कबूल करून टाकू की चूक झाली, एक वर्ष आणखी मागू. अध्यक्ष एक वर्ष देणार नाहीत, भरावाचे ट्रक ठरलेत. म्हणजे जानेवारीत तुझं रान दगडांखाली जाणार, आणि ते माझ्या हातून. तुला मी काय तोंड दाखवू? दाखवायचं कुठे म्हणा, तू येतेस कुठे.

आता बोलायलाच बसले आहे तर बोलते. तू गेलीस त्या दिवशी मी भट्टी लावून बसले होते. सोडून उठता येत नाही हे तुला माहीत. वाटलं, येईल, दारातून तरी डोकावेल. तू आली नाहीस. पाणबुड्याच्या गाडीत सामान टाकून गेलीस. मी त्या भट्टीतला सगळा माल नंतर फोडला. चांगला होता, तरी फोडला. घटस्फोट तू त्याच्याशी घेतलास. माझ्याशी कुठे घेतला होतास? माझ्याकडे कागद आला नाही, मी सही केली नाही. मग मला का टाकलंस? पाच वर्षं रोज दुपारी माझ्यासमोर बसून भांड्यांची बुडं पुसायचीस, बडबड करायचीस, माझी बडबड ऐकायचीस. ते सगळं फक्त त्याची बायको म्हणून होतं का?

हे लिहिल्यावर बरं वाटलं. उत्तर नकोच देऊस.

उजवा अंगठा जरा रुसलाय. जरा म्हणजे चाकावर बसता येत नाही. डॉक्टर म्हणतात, वय. मी म्हटलं, अंगठ्याचं वय बाकीच्या बोटांएवढंच आहे. तो हसला. औषध तेच दिलं.

– आई


११ डिसेंबर

पाणकोंबडे! पाणकोंबडे!

बसून वाच. उभी असशील तर बस. मी सकाळपासून बसलेली नाही, लिहितानासुद्धा मधे मधे उठून येते.

काल बैठकीच्या आधी तिवया वर काढायच्या असं ठरलं होतं. मीच म्हटलं होतं, जे आहे ते सगळ्यांसमोर वर येऊ दे, मी काही लपवणार नाही. पाणबुड्याच्या बोटीत मी, सून, अध्यक्ष आणि समितीतले दोघे. अध्यक्षांनी स्वच्छ पांढरे बूट घातले होते, बहुतेक फोटोसाठीच. पाणबुड्या खाली गेला आणि पहिली तिवई वर दिली. वरून शेवाळानं माखलेली, हिरवी, पाणी गळतंय. एक जण म्हणाला, "अरेरे." दुसऱ्याने नाक दाबलं. अध्यक्ष दुसरीकडेच बघायला लागले. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं.

मी तिवई मांडीवर घेतली. माझीच ती, टाकून कशी द्यायची. शेवाळ हाताने बाजूला केलं, खाली माझा निळा तसाच चकचकीत. आठ-नऊ महिने समुद्रात राहून एक ओरखडा नाही. दुसरा कुठला दिवस असता तर मी फुलून गेले असते.

आणि मग मी ती उलटी केली. का केली? अगं, का म्हणजे काय! मी आयुष्यात हातात घेतलेली कुठली वस्तू उलटी केलेली नाही? बशी सोडत नाही मी, तिवई काय सोडणार. नुसती सवय. हातांनी आपोआप केलं, मी तर रडायच्या बेतात होते.

बुडाला काहीतरी होतं. खरखरीत. मला वाटलं वाळू. बोटाने घासणार इतक्यात पाणबुड्या पाण्यातूनच ओरडला, "आजी, हात लावू नका!" आणि तसाच ओलेत्याने वर चढला. मुगाएवढे फुगवटे, एकेकाच्या मधे छोटीशी चांदणी. एक नाही, दोन नाही, बुडभर! काही तपकिरी, काही फिकट गुलाबी. पाणबुड्याने आधी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, या वेळी मास्क पुसला नाही. म्हणाला, "आजी, हीच ती. मॅडमची पिल्लं." दुसरी वर काढली, तीही तशीच. तिसरी रिकामी होती. चौथीवर इतकी की एकमेकांना चिकटलेली. जितकी मला दिसली तितकी सगळी खालच्या अंगाला. इतके महिने पाणबुड्या वरून बघत होता आणि खाली संसार चालला होता.

अध्यक्ष पांढऱ्या बुटांसकट त्या गळत्या पाण्यात गुडघे टेकून बसले. खिशातून वाचायचा चष्मा काढला. पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "बाई, हे खालून धरलंय आणि वरून काहीच नाही, असं का?"

आता ऐक. हे मी तिथे सांगितलं नाही, तुलाच सांगते आहे.

झिलई बुडाला राहिली तर भाजताना वितळून भट्टीतल्या फळीला चिकटते, म्हणून टेकतं तेवढं पुसायचं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तिवईची फक्त पायांची टोकं टेकतात. टोकं पुसली असती तरी भागलं असतं. एवढंच पुसायचं हे मी तुला पाच वर्षं ओरडून सांगत होते. "अगं, किती रुंद पुसतेस, माझी अर्धी झिलई स्पंजात घालवतेस!" आणि तू म्हणायचीस, "आई, राहू दे ना, खालून मातीचा स्पर्श बरा वाटतो हाताला."

तू गेल्यापासून मी रुंद पुसते. कडेपर्यंत. फुलदाण्या, वाट्या, सगळ्याच. कधी सुरू झालं ते माझं मलाही कळलं नाही. सुनेने एकदा विचारलं, आई, एवढं का पुसता, तेव्हा मी तिच्यावर खेकसले होते. तिवयांचीही अख्खी बुडं मी तशीच पुसून काढली होती, पायांच्या आतपर्यंत, काही गरज नसताना. खरखरीत, उघडी माती. तेवढ्यावरच धरलंय बघ. माझ्या झिलईवर एकही नाही. तुझ्या पुसण्यावर सगळी.

बैठकीत ठराव मागे घेतला. अध्यक्षांनी स्वतः, दिलेल्या शब्दाप्रमाणे. वर आणखी, दीपस्तंभापलीकडे नांगर बंद, सगळ्यांनी पिंपांना बोटी बांधायच्या. तो पिंपवाला बोटीवाला तिथे असा छाती काढून बसला होता जसा काही समुद्र त्यानेच भरलाय. तिवया लगेच परत खाली नेऊन ठेवल्या, पाणबुड्याने सगळा वेळ ओल्या फडक्यांत आणि समुद्राच्या पाण्यात ठेवल्या होत्या, काळजी नको.

आता समितीला या कामातलं कळणारं माणूस हवंय. बैठकीत नाव सुचवायला सांगितलं. मी गप्प बसले, शपथ. सून उभी राहिली आणि तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. अध्यक्ष म्हणाले, "त्या तुमच्या कोण?" तिने माझ्याकडे बघितलं. आणि मग म्हणाली, "आमच्या घरच्या."

– आई


१५ जानेवारी

बयो,

तुझं पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा सुनेकडून वाचून घेतलं, कारण चष्म्यावर सारखं पाणी येत होतं. कार्डापेक्षा बरंच सुधारलं आहे तुझं लिखाण.

तू लिहितेस, "मला वाटलं, आता मी तुमची कोणी नाही, कोणत्या नात्याने दारात येऊ?" अगं बावळट, नातं लागतं का दारात यायला? मांजर येतं. आणि त्या दिवशी तू भट्टीच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली होतीस आणि माझी पाठ बघून परत गेलीस, हे मला आता कळतंय. मी एकदा वळले असते तर! भट्टीचा आवाज होता गं. मी आता खिडकीकडे तोंड करून बसते.

एप्रिलच्या पौर्णिमेआधी येते म्हणतेस. ये. खोली दीपस्तंभाच्या वाटेवर बघून ठेवली आहे, आमच्या घरात नाही, तेवढी अक्कल मला आहे. तुझा माजी नवरा म्हणाला, "येऊ दे, आई, बरं होईल." मनापासून म्हणाला. सून तुझ्या खोलीला पडदे शिवते आहे.

इथे सध्या धमाल आहे. शेडमध्ये प्रदर्शनातली ती रिकामी फळी अजून तशीच आहे, तिच्यासमोर टेबलं मांडलीत आणि गावातलं जो तो येऊन तिवया थापतोय. लिलाववाल्या मावशींच्या तिवया खडकापेक्षा वेड्यावाकड्या आहेत, म्हणजे उत्तम. अध्यक्षांनीही एक केली, पाय तीन पाहिजेत तर चार केले आणि म्हणतात, मजबूत आहे. झिलई कोणालाच नाही. जन्मभर केलं नाही असं काम करते आहे मी, उघडी माती भाजते आहे, आणि मजा अशी की मला झोप छान लागते. अंगठा रुसलाय तो रुसलाच आहे, पण थापायला तळहात पुरतो. आणि बुडं पुसायची नसल्यामुळे वेळही उरतो.

खुणेचं मात्र राहिलं होतं. मालाच्या बुडाला माझा गोल असतो, तो करणाऱ्याचा. पुसणाऱ्याची खूण कुठेच नसते, आमच्यात तशी पद्धतच नाही. तू एकदा विचारलं होतंस, "आई, माझी का नाही?" आणि मी हसण्यावारी नेलं होतं. या वेळी प्रत्येक तिवईच्या बुडाला, माझ्या गोलाशेजारी, तीन रेघा ओरखडल्या आहेत, पाणकोंबडीच्या पायासारख्या. खोल ओढल्यात. ओरखडलेली जागा पिल्लांना आवडते असं तूच लिहिलंयस.

माझ्या गोलात आधी धरतात की तुझ्या रेघांत, ते बघायला ये. मला वाटतं तुझ्यातच धरतील. पण तसं मी कोणासमोर म्हणणार नाही.

– आई